प्रायश्चित्ताचा क्रम

वसईकडच्या कॅथलिक घरांतली मुले पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीला लागली की धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांच्याकडून पापनिवेदनाच्या पाच पायऱ्या पाठ करून घेतल्या जातात: आपली पापे आठवणे, त्यांबद्दल मनापासून दुःख होणे, ती पुन्हा न करण्याचा निश्चय करणे, धर्मगुरूंजवळ त्यांची कबुली देणे आणि शेवटी सांगितलेले प्रायश्चित्त पुरे करणे. आमच्या वर्गात सिस्टर या पायऱ्या हाताच्या बोटांवर मोजून घेत. आठवण म्हणजे अंगठा आणि प्रायश्चित्त म्हणजे करंगळी. एकदा एका मुलाने घाईघाईत करंगळीपासून सुरुवात केली, तेव्हा सिस्टरांनी त्याला विचारले की आधी पावती फाडून मोकळे व्हायला हा काय रेल्वेचा दंड आहे? सगळा वर्ग हसला होता, मीही हसले होते. कॅथलिक धर्मसंघांनी आपल्याच सदस्यांनी केलेल्या अत्याचारांना कसे तोंड दिले याविषयी गेली काही वर्षे जे मिळेल ते वाचताना मला तो वर्ग वारंवार आठवतो, कारण आयर्लंडमध्ये धर्मसंघांनी करंगळीपासून सुरुवात केली आणि फ्रान्समध्ये अंगठ्यापासून, आणि पुढे जे घडले त्यातले पुष्कळसे या एका फरकातून निघाले असे माझे मत आहे.

ख्रिस्तेतर वाचकांसाठी एक खुलासा करायला हवा. आपण सरसकट ‘चर्च’ म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या रचना आहेत. एक बिशपांची, म्हणजे धर्मप्रांत आणि त्याखालची धर्मग्रामे. दुसरी धर्मसंघांची, म्हणजे जेज्वीट, डॉमिनिकन, सालेशियन, कार्मेलाइट अशा शेकडो संस्थांची, ज्यांचे सदस्य दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन एकत्र राहतात. शाळा, वसतिगृहे, अनाथालये आणि रुग्णालये मुख्यतः यांच्याच हातात असतात. त्यांचा पैसा वेगळा, वरिष्ठ वेगळे, आणि बदल्या तर एका खंडातून दुसऱ्या खंडात होतात. त्यामुळे बिशपांनी काय केले एवढेच पाहून चित्र पुरे होत नाही. निवासी शाळेत रात्री दिवे मालवल्यावर मुले ज्यांच्या ताब्यात असत, ती माणसे बहुधा या दुसऱ्या रचनेतली होती.

आणखी एक गोष्ट आपल्या कानांना जाणवत नाही. मराठीत ‘फादर’, ‘ब्रदर’, ‘सिस्टर’ हे हुद्दे आहेत, टीचर किंवा डॉक्टर यांच्यासारखे. आयरिश किंवा फ्रेंच मुलाला मात्र त्याच शब्दांत बाप, भाऊ आणि बहीण ऐकू येत होते.

आयर्लंडची हकीकत थोडक्यात अशी. विसाव्या शतकाचा बराच काळ तिथल्या गरीब, अनाथ किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना औद्योगिक शाळांमध्ये पाठवले जाई. या शाळांना पैसा सरकारचा आणि व्यवस्था धर्मसंघांची. तिथल्या मारहाणीच्या, उपासमारीच्या आणि लैंगिक अत्याचारांच्या कहाण्या नव्वदच्या दशकात दूरचित्रवाणीवर आल्या, आणि मे १९९९ मध्ये पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी राष्ट्राच्या वतीने माफी मागितली. चौकशी आयोग नेमला गेला. पण आयोगाचे काम ऐन भरात असताना, जून २००२ मध्ये, १८ धर्मसंघांनी सरकारशी एक करार केला. संघांनी रोख रक्कम, मालमत्ता आणि समुपदेशनाचा खर्च मिळून १२ कोटी ८० लाख युरो द्यायचे आणि त्या बदल्यात पुढच्या सगळ्या दाव्यांची जबाबदारी सरकारने उचलायची. किती मुलांवर, कुठे, कोणी, काय केले हे तोवर कोणालाच नीट ठाऊक नव्हते. नुकसानभरपाईच्या योजनेचा एकूण खर्च पुढे सुमारे दीड अब्ज युरोंवर गेला, म्हणजे संघांनी ठरवलेला वाटा त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरला. उरलेला भार आयरिश करदात्यांनी वाहिला, आणि त्यांत या शाळांतून मार खाऊन मोठी झालेली माणसेही होती.

रकमेपेक्षा मला त्या योजनेतली एक अट जास्त खुपते. ज्याला भरपाई मिळाली त्याने ती किती मिळाली, कशाबद्दल मिळाली, कोणामुळे मिळाली हे उघड करायचे नाही, असे कायद्यानेच बजावले होते. लहानपणी ‘कुणाला सांगितलेस तर बघ’ हे ज्यांनी ऐकले होते, त्यांना साठाव्या वर्षी शासनाच्या कागदावर तेच वाक्य वाचावे लागले. आयोगाचा अहवाल २० मे २००९ रोजी आला, पाच खंडांचा आणि सुमारे २६०० पानांचा, परंतु त्यात अत्याचार करणाऱ्यांची खरी नावे नव्हती, कारण ख्रिश्चन ब्रदर्स या संघाने न्यायालयात जाऊन आपल्या सदस्यांची नावे गुप्त राहतील याची व्यवस्था करून घेतली होती. डब्लिनमधल्या ज्या हॉटेलात अहवाल प्रसिद्ध झाला, तिथे पत्रकार परिषदेच्या दालनात पीडितांना प्रवेश नव्हता. पन्नाशी-साठी ओलांडलेली ती माणसे बाहेर ओरडत राहिली आणि पोलिसांना बोलावण्यात आले.

त्यानंतर काही संघांनी जास्त पैसा देऊ केला हे नोंदवायला हवे. ख्रिश्चन ब्रदर्सनी १६ कोटी १० लाख युरोंची तयारी दाखवली, पण त्यातला सर्वांत मोठा भाग रोख नसून शाळांच्या क्रीडांगणांची किंमत होता. कपडे धुण्याच्या मॅग्डालेन धुलाईगृहांत मुली आणि स्त्रिया अडकवून ठेवणाऱ्या चार भगिनीसंघांनी तर २०१३ च्या सरकारी अहवालानंतर भरपाई निधीत काही घालायलाच नकार दिला. आणि यादी अजूनही संपलेली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या शाळांविषयीच्या अहवालात धर्मसंघांच्या ३०८ शाळांमधल्या २३९५ तक्रारींची आणि ८८४ आरोपितांची नोंद आहे. पहिल्या माफीनंतर पंचवीस वर्षांनी. करार करून प्रकरण मिटवले असे ज्यांना २००२ मध्ये वाटले असेल, त्यांनी काय मिटवले असा प्रश्न पडतो.

फ्रान्सकडे वळताना मला तिथले लोक जास्त सज्जन होते असे मुळीच सुचवायचे नाही. तिथेही दडपादडपी दशकानुदशके चालली, आणि ल्योंमधल्या एका धर्मगुरूच्या हातून बालचर म्हणून अत्याचार सोसलेल्या माणसांनी संघटना उभारून आवाज उठवला नसता तर पुढचे काहीच घडले नसते. पण दबाव आल्यावर तिथल्या बिशप परिषदेने आणि धर्मसंघांच्या परिषदेने २०१८ च्या अखेरीस जो निर्णय घेतला तो वेगळा होता. धर्मसंघांच्या परिषदेच्या अध्यक्ष तेव्हा व्हेरोनिक मार्ग्रों या डॉमिनिकन सिस्टर होत्या, नीतिशास्त्राच्या अभ्यासक, आणि पीडितांचे ऐकून घेण्याचे काम त्या पद मिळण्याच्या आधीपासून करत होत्या. दोन्ही परिषदांनी मिळून ज्याँ-मार्क सोव्हे या निवृत्त उच्चपदस्थ न्यायप्रशासकाला बोलावले आणि सांगितले की आमच्या घरात १९५० पासून काय झाले ते शोधा, खर्च आम्ही देऊ, माणसे तुम्ही निवडा. सोव्हे यांनी आयोगात एकही धर्मगुरू किंवा सिस्टर घेतली नाही. त्यात डॉक्टर, कायदेपंडित, इतिहासकार, समाजशास्त्रज्ञ होते, कॅथलिक होते, तसेच इतर धर्मांचे आणि कोणताच धर्म न मानणारेही होते, आणि सारे विनावेतन काम करत होते.

या आयोगाने तीन दिशांनी काम केले. लोकांना साद घातली तेव्हा ६४७१ जणांनी फोन, पत्र किंवा ईमेलने संपर्क साधला. बिशपगृहांचे आणि धर्मसंघांचे दफ्तरखाने इतिहासकारांनी तपासले. आणि ज्यांनी कधीच तोंड उघडले नव्हते त्यांचा अंदाज यावा म्हणून सुमारे २८ हजार सर्वसामान्य फ्रेंच नागरिकांची पाहणी केली गेली. तिच्यातून आलेला आकडा ५ ऑक्टोबर २०२१ रोजी जगभर गाजला: धर्मगुरू आणि व्रतस्थ यांच्या हातून अत्याचार झालेली मुले सुमारे २ लाख १६ हजार, आणि चर्चच्या शाळा-संस्थांतल्या प्रापंचिक कर्मचाऱ्यांनी केलेले धरले तर ३ लाख ३० हजार. हा आकडा अंदाज आहे, शिरगणती नव्हे. त्यांतल्या पहिल्या, २ लाख १६ हजारांच्या, आकड्याची खालची मर्यादा १ लाख ६५ हजारांची आणि वरची २ लाख ७० हजारांची, हे अहवालातच दिलेले आहे. काही कॅथलिक विद्वानांनी पद्धतीवर आक्षेप घेतले, आणि संख्याशास्त्राची चर्चा म्हणून त्यांत वावगे काही नाही. मात्र खालचा आकडा खरा मानला तरी कोणाचे समाधान व्हावे हे मला समजत नाही.

त्या दिवशी पॅरिसमध्ये अहवाल सुपूर्द होण्याआधी पहिल्यांदा बोलायला उभे राहिले ते फ्रांस्वा दव्हो, ल्योंच्या त्याच संघटनेचे सहसंस्थापक. समोर बिशप परिषदेचे अध्यक्ष आणि सिस्टर मार्ग्रों बसले होते. तुम्ही माणुसकीला लाज आणली आहे आणि या सगळ्या गुन्ह्यांची किंमत तुम्हाला मोजावी लागेल, अशा आशयाचे त्यांचे बोलणे त्या दोघांनी ऐकून घेतले. डब्लिनच्या हॉटेलाबाहेरचा गोंगाट आणि पॅरिसच्या मंचावरचे हे भाषण यांच्यामध्ये बारा वर्षांचे अंतर आहे. तेवढ्यात संस्था सुधारल्या असे मी म्हणणार नाही, फक्त पीडितांची खुर्ची दाराबाहेरून आत आली.

नंतर नोव्हेंबरमध्ये लूर्द या फ्रान्समधल्या मारियामातेच्या तीर्थक्षेत्री बिशप जमले. लूर्दमातेच्या नावाची देवळे आणि ग्रोटो, म्हणजे तिच्या मूर्तीसाठी बांधलेल्या गुहा, आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यामुळे त्या आवाराचे चित्र आमच्या लोकांच्या डोळ्यांसमोर सहज उभे राहते. तिथे भिंतीवर एका रडणाऱ्या बालकाच्या शिल्पाचे छायाचित्र लावले गेले, तेही एका पीडिताने काढलेले, आणि त्याच्यासमोर बिशपांनी गुडघे टेकले. पीडितांच्या विनंतीवरून त्या वेळी त्यांनी विधीचे झगे घातले नव्हते. वर्तमानपत्रांत हे दृश्य ठळकपणे आले. धर्मसंघांनी जे केले ते कॅमेऱ्यात सापडण्यासारखे नव्हते, म्हणून त्याची बातमी लहान आली.

त्यांनी बिशपांच्या यंत्रणेहून वेगळा असा मान्यता आणि भरपाई आयोग उभारला आणि तो आंत्वान गारापों या माजी बालन्यायाधीशांच्या हाती दिला. काम साधारण असे चालते. पीडित व्यक्ती संघाकडे जात नाही, आयोगाकडे जाते. आयोगाचे दोन सदस्य तिला भेटतात, एकदा नव्हे तर गरजेप्रमाणे अनेकदा, आणि तिचे म्हणणे तिच्याच गतीने ऐकून घेतात. सत्तर वर्षांच्या माणसाकडे पुरावा मागून त्याला पुन्हा कटघऱ्यात उभे करणे हा उद्देश नसतो, कारण गुन्हेगार बहुधा मेलेला असतो आणि फौजदारी कायद्याची मुदतही उलटलेली असते. मग आयोग त्या धर्मसंघाला बोलावतो. जे घडले ते मान्य आहे का, हे संघाने सांगायचे. त्यानंतर रक्कम ठरते, जिची कमाल मर्यादा ६० हजार युरो आहे आणि जी संघाने आपल्या तिजोरीतून द्यायची आहे. रकमेखेरीज काय हवे हेही त्या व्यक्तीला विचारले जाते. कोणाला वरिष्ठांचे पत्र हवे असते, कोणाला समोरासमोर भेट, कोणाला शाळेच्या भिंतीवर स्मृतिफलक, आणि कोणाला अगदी साधी गोष्ट कळायला हवी असते: माझ्यानंतर त्या ब्रदरची बदली कुठे झाली?

हा शेवटचा प्रश्न मला माझ्या मावशीकडे घेऊन गेला. मावशी एका धर्मसंघात पंचेचाळीस वर्षे सिस्टर आहे. आम्ही तिला घरात मावशी आणि चारचौघांत सिस्टर म्हणतो. तिच्या कॉन्व्हेंटमध्ये, जसे बहुतेक सगळ्या कॉन्व्हेंटांमध्ये असते तसे, एक क्रॉनिकल असते, म्हणजे घराची रोजनिशी: जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची वही, जिच्यात कोण आले, कोण गेले, कोणाचा सण होता, विहिरीला पाणी कधी लागले हे एका सिस्टरने नेमाने लिहायचे. मावशीचे अक्षर चांगले म्हणून ते काम अनेक वर्षे तिच्याकडे होते. फ्रान्समध्ये इतिहासकारांनी असले कागद चाळले असे मी तिला सांगितले, तेव्हा ती उठून आतून एक जुनी वही घेऊन आली. पाने पिवळी पडली होती, मध्ये एक वाळलेले ताडाचे पान होते, झावळ्यांच्या रविवारचे. तिने एका ओळीवर बोट ठेवले. एका तरुण सिस्टरचे नाव, आणि पुढे तिच्याच वळणदार अक्षरात: ‘आज आपल्या घरी परतल्या. त्यांच्यासाठी प्रार्थना.’ त्याच्या पुढच्या ओळीत नवीन शिलाई मशीन आल्याची नोंद होती, ती मात्र किमतीसकट.

“का गेल्या?” मी विचारले.

“विचारायचं नसतं तेव्हा. ट्रंक मी उचलून दिली रिक्षापर्यंत.” थोडा वेळ ती वहीकडे बघत राहिली. “रडत नव्हती ती. त्याचंच मला बरं वाटलं होतं.”

त्या सिस्टरला काय झाले होते हे मला माहीत नाही आणि मावशीलाही नाही, त्यामुळे इथे कोणावरही आरोप नाही. कदाचित तिची आई आजारी असेल, कदाचित तिला हे जीवन मानवले नसेल. पण ज्या वहीत शिलाई मशीनची किंमत मावते तिच्यात माणूस निघून जाण्याचे कारण मावत नाही, ही लेखनाची पद्धत एका घराची नसून जगभरच्या संघांची आहे, आणि दफ्तरखान्यात शिरणाऱ्या इतिहासकारांना अशाच ओळींशी झगडावे लागले असणार.

फ्रान्सच्या मार्गाचे गोडवे गाऊन थांबणे योग्य होणार नाही. आयोगाच्या कामाला वेळ लागतो आणि वाट पाहणारी माणसे म्हातारी आहेत. ६० हजारांची मर्यादा कोणत्या हिशेबाने आली हे पीडितांना पटलेले नाही. अनेक संघ स्वतःच मावळत चालले आहेत, घरात आठ-दहा वृद्ध सिस्टर उरल्या आहेत आणि भरपाईसाठी विकायची इमारत म्हणजे त्यांचे अखेरचे छप्पर. आणि आपण होऊन बोलणे सगळ्यांनाच जमले असेही नाही. लूर्दपासून थोड्याच अंतरावर असलेल्या बेतारामच्या निवासी शाळेतल्या मारहाणीच्या आणि अत्याचारांच्या तक्रारी २०२४ पासून पुढे येऊ लागल्या आणि दोनशेच्या वर गेल्या. मोठा अहवाल येऊन तेव्हा दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता, आणि शाळेचा संघ तोवर गप्प होता. याउलट सेंट जॉनच्या बंधुसंघाने जून २०२३ मध्ये आपल्याच इतिहासाचा शेकडो पानांचा अहवाल प्रसिद्ध केला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या त्या संघात ७२ बंधूंनी १६७ जणांवर अत्याचार केल्याचे त्यात मान्य केले आहे, आणि त्या ७२ मध्ये संस्थापक मारी-दोमिनिक फिलिप यांचाही समावेश आहे. हे फिलिप २००६ मध्ये वारले तेव्हा संतपदाच्या वाटेवरचे मानले जात होते. ज्याच्या शब्दाखातर आपण घर सोडले त्याच्याबद्दल असे लिहिणे म्हणजे आपल्या घेतलेल्या व्रतांनाच हात घालणे आहे. हे वाचताना मला त्या बंधूंविषयी राग आणि आदर एकाच वेळी वाटला, आणि दोन्हींपैकी एकही सोडावासा वाटला नाही.

आज्ञापालनाच्या व्रताचा प्रश्न इथेच येतो. वरिष्ठांच्या मुखाने देवाची इच्छा व्यक्त होते ही शिकवण ज्या जीवनाचा पाया आहे, तिथे वरिष्ठच चुकला तर ‘नाही’ म्हणायची भाषा शिष्याजवळ नसते. त्यामुळे पीडित फक्त मुले नसतात. धर्मगुरूंनी आणि काही बिशपांनीही सिस्टरांवर अत्याचार केले आहेत हे पोप फ्रान्सिस यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये विमानात पत्रकारांशी बोलताना मान्य केले. त्याच्या काही आठवडे आधी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, जगभरच्या भगिनीसंघांच्या प्रमुखांच्या संघटनेने मौनाच्या संस्कृतीचा निषेध करून सिस्टरांना आवाहन केले होते की तक्रार संघातही करा आणि पोलिसांतही.

त्याच वर्षी केरळमध्ये मिशनरीज ऑफ जीझस या संघाच्या एका सिस्टरने जालंधरच्या बिशपांविरुद्ध बलात्काराची तक्रार नोंदवली होती. तिच्या पाच सहकारी सप्टेंबरमध्ये कोचीला रस्त्यावर बसल्या. व्रतस्थ स्त्रियांनी उघड्यावर धरणे धरल्याचे दृश्य आमच्यापैकी अनेकांनी पहिल्यांदाच पाहिले. बिशपांना अटक झाली, जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली, आणि त्या निकालाविरुद्ध अपील दाखल झाले. न्यायालयाच्या कामात मी शिरत नाही. मला संघाच्या वागण्याबद्दल बोलायचे आहे. आपल्याच सदस्येने तक्रार केल्यावर संघाने स्वतःच चौकशी केल्याचे जाहीर केले, तिच्यात सिस्टरांवरच कटाचा ठपका ठेवला आणि प्रसिद्धीपत्रकासोबत तक्रारदार सिस्टरचे छायाचित्र वर्तमानपत्रांना पाठवले, ज्याबद्दल पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला. फ्रान्समध्ये संघांनी चौकशी बाहेरच्यांवर सोपवली होती. इथे संघ तक्रारदाराचा चेहरा बाहेर देऊन चौकशी आपल्याकडे ठेवत होता.

मुलांच्या बाबतीत आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा त्याखाली गुन्हा आहे, मग माहिती असणारा सुपिरियर, म्हणजे संघाच्या घराचा प्रमुख, असो की मुख्याध्यापक. प्रौढ सिस्टरचे काय? हे मी मावशीलाच विचारले. क्रॉनिकल तिच्या मांडीवर उघडेच होते. तक्रार करायची झाली तर कोणाकडे जायचे?

“सुपिरियरकडे.”

आणि सुपिरियरबद्दलच असेल तर?

“मग प्रोव्हिन्शियलकडे.” म्हणजे अनेक कॉन्व्हेंटांवर देखरेख करणाऱ्या वरिष्ठ सिस्टरकडे. मावशीने ताडाचे पान परत जागेवर ठेवून वही मिटली. “आमच्या आत्ताच्या प्रोव्हिन्शियल आणि सुपिरियर नॉव्हिशिएटला, व्रतांआधीच्या शिक्षणाला, एकत्र होत्या. शेजारी शेजारी खाटा.”